निर्वाताला ब्रँड नसतो

आमच्या ऑफिसात मीटिंग रूममध्ये आधी टंबलर येऊन बसतात, माणसं मागून येतात. फिका गुलाबी, पिस्ता, मोतिया, एखादा काळाकुळकुळीत. प्रत्येकाला कान, प्रत्येकात स्ट्रॉ. गेल्या वर्षीपर्यंत माझ्यापुढे दिवाळीला कंपनीने वाटलेली स्टीलची बाटली असायची. तिच्या झाकणावर बोट ठेवलं की आतल्या पाण्याचं तापमान आकड्यांत दिसायचं. तीन महिन्यांत ते आकडे बंद पडले, बाटलीवरचा लोगो अर्धा खरवडला गेला, पण पाणी गार राहायचं. त्या बाटलीवरून मला कोणी कधी टोकलं नाही. तरीही पगार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रात्री साडेअकराला, अंथरुणात पडल्या पडल्या मी ३,९९९ रुपये भरून एक टंबलर मागवला.

त्याच आठवड्यात अकोल्याहून आईचा फोन आला होता. मे महिना. अकोल्याचा मे ज्यांना माहीत नाही त्यांनी एवढंच समजावं, की पारा ४४ वर गेला तर तिथे त्याची बातमी होत नाही. आई आशा सेविका आहे. हजारभर वस्तीमागे एक आशा असा सरकारी हिशेब. म्हणजे गरोदर बायकांची नोंद, बाळांचं लसीकरण, गोळ्यावाटप, सर्वेक्षण, सगळं दारोदार पायी. तिच्या पिशवीत कोल्ड्रिंकची जुनी प्लॅस्टिकची बाटली असते, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. फोनवर ती हसत म्हणाली, "बाटलीतलं पानी असं तापते, का त्यात चहापत्ती टाकली तं चहाच होईन." मीही हसले. दोन दिवसांनी कुरिअरवाला टंबलर देऊन गेला. आईला मी त्याबद्दल काही सांगितलं नाही.

हा लेख त्या न सांगण्यातून आलाय. महागडा टंबलर घेण्यासारखा असतो का, हा प्रश्न साधा आहे आणि मी त्याचं सरळ उत्तर देणार आहे. पण ती वस्तू आधी नीट पाहायला हवी. सिनेमा आपण सीन बाय सीन सोलतो, पुस्तकाची बाजू घेऊन भांडतो. दिवसातून वीस वेळा तोंडाला लागणाऱ्या वस्तूची मात्र समीक्षा करत नाही, नुसता रिव्ह्यू वाचतो.

दवाखान्यातली वस्तू

माझ्या लहानपणी थर्मास म्हणजे आजारपण. कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या टॉवेलात गुंडाळून तो ठेवलेला असायचा. खाली उतरला की समजायचं, कोणीतरी ॲडमिट आहे. मग एका हातात डबा, दुसऱ्या हातात थर्मास, आणि रिक्षा. आत चहा नाहीतर मुगाचं कढण. तो थर्मास आतून काचेचा. खाली पडला की बाहेरून काही दिसायचं नाही; कानाशी धरून हलवायचा, आत किणकिण ऐकू आली की संपलं. मग बाजारात जाऊन नुसती आतली काच बदलून आणायची. घरातल्या मोजक्या वस्तूंना दुरुस्तीचा मान असायचा, त्यांत तो होता.

ही काच मुळात चहासाठी नव्हतीच. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्युअर नावाचा शास्त्रज्ञ वायूंचं द्रवात रूपांतर करण्याच्या मागे होता. ते अतिथंड द्रव साध्या भांड्यात टिकत नसत. म्हणून १८९२ मध्ये त्याने एका काचेच्या भांड्यात दुसरं बसवलं आणि दोघांच्या मधली हवा काढून टाकली. उष्णतेला चालत किंवा वाहत पसरायला काहीतरी माध्यम लागतं. मध्ये हवाच नसेल तर तिला चालत जायला रस्ता नाही आणि वाऱ्याबरोबर वाहत जायला वारा नाही. उरतं ते किरणांनी जाणं. ते अडवायला काचेवर चांदीचा मुलामा. ड्युअरने याचं पेटंट घेतलं नाही. जर्मनीतल्या काचकारागिरांनी त्यातली घरगुती वस्तू हेरली, १९०४ मध्ये 'थर्मॉस' नावाची कंपनी काढली, आणि ड्युअर कोर्टात जाऊनही हरला. आपण ज्याला थर्मास म्हणतो ते मूळचं त्या कंपनीचं नाव.

आजच्या टंबलरमध्ये काचेच्या जागी स्टील आहे. बाकी कल्पना तीच. दोन भिंती, मध्ये निर्वात. काही बाटल्यांत आतल्या भांड्याच्या बाहेरून तांब्याचा पातळ थर असतो, तो चांदीच्या मुलाम्याचं काम करतो. जाहिरातीत '१८/८' असं मोठ्या अक्षरांत लिहितात, ते म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं स्टील. भांड्यांच्या दुकानदाराला '३०४' म्हणा, त्याला कळेल. चार हजारांच्या टंबलरमध्ये हेच स्टील असतं आणि हजाराच्या चांगल्या बाटलीतही हेच.

आणि मधल्या पोकळीत दोन्हीकडे सारखंच काहीही नसतं. निर्वाताला ब्रँड नसतो. पोकळी नीट बंद झालेली आहे की नाही, एवढाच प्रश्न. ते तपासायला फोन, रिव्ह्यू, काही लागत नाही. उकळतं पाणी भरा, झाकण लावा, पाच मिनिटांनी बाहेरून हात फिरवा. अंग कोमट लागलं तर पोकळीत हवा शिरलेली आहे. बाटली परत करा. अंग थंड लागलं तर तिने तिचं काम केलं, किंमत काहीही असो.

झाकणातून निसटलेली गोष्ट

मी घरी एक बाळबोध प्रयोग केला. रविवारी सकाळी तीन भांड्यांत फ्रिजमधलं सारखंच पाणी आणि मोजून सारखेच बर्फाचे खडे टाकले: माझा नवा टंबलर, दिवाळीची लोगोवाली बाटली, आणि रूममेटने नेहमीच्या भांड्यांच्या दुकानातून ९५० रुपयांना आणलेली एक लिटरची देशी बाटली. तिन्ही खिडकीपाशी ठेवली. थर्मामीटर माझ्याकडे नव्हता. पण जीभ आणि डोळे होते. संध्याकाळी दोन्ही बाटल्यांत बर्फ खुळखुळत होता. टंबलरमध्ये पाणी गार होतं, बर्फ मात्र गेला होता.

यात चमत्कार काही नाही. निर्वात असतो भिंतीत; झाकणात नसतो. टंबलरचं तोंड रुंद, त्यावर प्लॅस्टिकचं एकेरी झाकण, आणि त्या झाकणाला स्ट्रॉसाठी भोक. चारी बाजूंनी तटबंदी बांधून वरून दिंडी दरवाजा उघडा टाकावा तसं. अरुंद तोंडाच्या, आट्यांच्या झाकणाच्या बाटलीला हा प्रश्न नसतो. म्हणजे जास्त पैसे देऊन मी मूळ कामाला कमी पडणारी वस्तू घेतली होती, आणि तिचं ते कमी पडणं हेच तिच्या रूपाचं वैशिष्ट्य होतं.

'इतके तास बर्फ टिकतो' हा दावाही नीट वाचावा. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. भांडं काठोकाठ बर्फाने भरलं, झाकण एकदाही उघडलं नाही आणि खोली गार असली, तर कुठलंही बरं भांडं ते तास गाठेल. आपण पाण्यात चार खडे टाकतो, दर दहा मिनिटांनी घोट घेतो आणि उन्हातून फिरतो. त्या आकड्यातला माणूस पाणी पीतच नाही, नुसता बर्फ सांभाळत बसतो.

कारसाठी बनलेला पेला

मग हे रूप आलं कुठून? ज्या टंबलरने ही लाट आणली तो स्टॅनलीचा 'क्वेंचर'. या कंपनीची कथा मला खरंच आवडते. विल्यम स्टॅनली हा मूळचा विजेच्या क्षेत्रातला माणूस. १८८६ मध्ये अमेरिकेतल्या ग्रेट बॅरिंग्टन गावात ट्रान्सफॉर्मर वापरून एसी विजेचं वाटप करून दाखवणारा तोच. त्याने १९१३ मध्ये काचेऐवजी पूर्ण स्टीलचा थर्मास काढला. न फुटणारा. पुढे कित्येक दशकं ती हिरवी, खडबडीत बाटली म्हणजे बांधकामावरच्या माणसाची, मासेमारीला आणि शिकारीला जाणाऱ्याची. पोचे पडलेली बाटली हीच तिची जाहिरात.

क्वेंचर २०१६ मध्ये आला आणि फारसा चालला नाही. कंपनी तो बंद करण्याच्या बेतात होती. 'द बाय गाईड' नावाचं खरेदीचे सल्ले देणारं पान चालवणाऱ्या तीन बायकांना मात्र तो आवडला होता. त्यांनी स्वतः घाऊक ५,००० नग उचलले आणि ते काही दिवसांत विकले गेले. कंपनीला कळलं की आपलं गिऱ्हाईक बदललंय. २०२० मध्ये क्रॉक्स या चपलांच्या ब्रँडमधून आलेल्या टेरेन्स रायली यांनी सूत्रं घेतली. मग रंग, मर्यादित आवृत्त्या, टिकटॉक. २०१९ मध्ये साधारण ७ कोटी डॉलर असलेली वार्षिक विक्री २०२३ मध्ये ७५ कोटी डॉलरच्या घरात गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका बाईने आपल्या जळून गेलेल्या कारचा व्हिडिओ टाकला. कार खाक, टंबलर शाबूत, आत बर्फ. कंपनीने तिला नवी कार देऊ केली. जानेवारी २०२४ मध्ये व्हॅलेंटाइनच्या लाल-गुलाबी आवृत्तीसाठी तिकडच्या दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागल्या.

त्या जळक्या कारच्या व्हिडिओत एक गोष्ट सगळ्यांसमोर होती: टंबलर होता कुठे, तर कारच्या कपहोल्डरमध्ये. या वस्तूचा सगळा आकार त्या एका भोकासाठी आहे. १.१८ लिटरचं पोट वर, आणि बूड निमुळतं. रस्त्यावरची नजर न काढता एका हाताने उचलता यावं म्हणून कान, मान न तिरकी करता पिता यावं म्हणून स्ट्रॉ. घरातून गॅरेजमध्ये, कारमधून ऑफिसच्या पार्किंगमध्ये असं ज्यांचं आयुष्य चालतं, त्यांच्यासाठी हे डिझाइन अप्रतिम आहे. हे मी उपरोधाने म्हणत नाही. ज्या जगासाठी ती वस्तू घडवली, त्या जगात ती चपखल बसते.

मी कर्वेनगरहून हिंजवडीला जाते. कधी स्कूटरने, कधी बसने. स्कूटरला कपहोल्डर नसतो. हँडलखाली एक हुक असतो, भाजीच्या पिशवीसाठी. पहिल्या दिवशी मी टंबलर कानाने त्या हुकाला अडकवला. चांदणी चौकाच्या अलीकडच्या स्पीडब्रेकरला त्याने माझ्या पायांवर अर्धा लिटर बर्फाचं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी सॅकमध्ये उभा ठेवला. स्ट्रॉच्या भोकातून डायरी भिजली. तिसऱ्या दिवशी बसने गेले. एका हाताने वरचा दांडा, दुसऱ्या हातात भरलेला पावणेदोन किलोचा टंबलर, आणि तिकिटाचे पैसे काढायला तिसरा हात नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "दे बाई इकडे, मी धरते. लोटा घेऊन कुठं निघालीस?" अख्ख्या बसने ऐकलं. त्या दिवसापासून टंबलर ऑफिसच्या डेस्कवरच राहतो आणि प्रवासात लोगोवाली बाटली असते.

डेस्कपासून वॉटर कूलर अकरा पावलांवर आहे. कूलरचं पाणी गारच असतं. म्हणजे वातानुकूलित खोलीत, गार पाण्यापासून अकरा पावलांवर, मी पाणी गार ठेवण्याचं चार हजारांचं यंत्र घेऊन बसते.

आठ ग्लास आणि जायची जागा

या लाटेमागे एक शिकवण आहे: पाणी पीत राहा. हायड्रेट. त्वचा उजळेल, डोकं चालेल, वजन उतरेल. टंबलर हा त्या धर्माचा कमंडलू. 'दिवसाला आठ ग्लास'चा मागोवा घ्यायला गेलं की बहुतेक जण १९४५ सालापाशी पोचतात. अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने तेव्हा म्हटलं होतं की प्रौढ माणसाला रोज अडीच लिटरच्या आसपास पाणी लागतं. आणि लगेच पुढे, की यातलं बहुतांश आपल्या अन्नातच असतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं, दुसरं सोडलं. २००२ मध्ये हाइन्झ वाल्टिन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने या आठ ग्लासांचा शास्त्रीय आधार शोधायचा प्रयत्न केला. निरोगी माणसासाठी तसा आधार त्याला सापडला नाही. वरण, ताक, आमटी, कलिंगड, चहा, हे सगळं पाणीच आहे. एसीत बसून काम करणाऱ्या निरोगी माणसाला तहान हे पुरेसं चांगलं घड्याळ आहे.

उन्हात चालणाऱ्याचं गणित वेगळं. घाम जातो तसं पाणी आणि मीठ भरून काढावंच लागतं. तहान लागायची वाट पाहू नये. म्हणजे या शिकवणीची खरी गरज आईला होती, आणि पोचली होती ती माझ्यापर्यंत.

शेवटी मी आईला फोनवर विचारलंच. म्हटलं, "आई, तुला चांगली बाटली पाठवते. दिवसभर गार राहील. दोन लिटर तरी पीत जा." ती थोडी थांबली. मग म्हणाली, "पानी पेलं का जा लागते. जाऊ कोठी?"

मला आठवलं, लहानपणी आई सकाळी कामाला निघताना चहाही अर्धाच प्यायची. त्याचं कारण मी कधी विचारलं नव्हतं. उन्हात गावभर फिरणाऱ्या बाईला मध्ये कुठे जायचं हा प्रश्न सोडवता येत नाही, म्हणून ती पाणीच कमी पिते. मग जळजळ, मग मूत्रमार्गाचा संसर्ग, मग त्याच्या गोळ्या. शेतमजूर, भाजीवाल्या, ट्रॅफिक पोलीस, एसटी कंडक्टर, कोणत्याही बाईला विचारा. मुंबईत २०११ च्या सुमारास 'राइट टू पी' ही मोहीम उभी राहिली ती याच साध्या मागणीवर, की बायकांना मोफत, स्वच्छ, सुरक्षित मुताऱ्या द्या. सव्वा लिटरचा टंबलर हातात घेऊन हसणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: जवळपास एक स्वच्छ, कडी लागणारं टॉयलेट आहे. टंबलर परवडणं ही पुढची गोष्ट. त्यातलं पाणी परवडणं ही आधीची.

माठ, पाणपोई आणि कोणाचा ग्लास

इथवर आलं की आपला हात आपोआप माठाकडे जातो. ते साहजिक आहे, माठ फार हुशार वस्तू आहे. थर्मास बाहेरच्या जगाशी संबंध तोडून आतलं जपतो. माठ झिरपतो, बाहेरच्या हवेला थोडं पाणी देऊन टाकतो आणि त्या बदल्यात गार होतो. एक ग्रॅम पाणी उडून जाताना साधारण ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. मागे राहिलेल्या ५८ ग्रॅम पाण्याचं तापमान १० अंशांनी उतरवण्याइतकी. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे जोरात चालतं, मुंबईच्या दमटात मंद. आणि मुख्य म्हणजे माठ पाणी गार करतो. थर्मास गार करत नाही. तुम्ही दिलेलं गार तो नुसतं सांभाळतो. आधी फ्रिज लागतो, त्याआधी वीज लागते. आईचं ओलं फडकं हा माठाचाच गरीब भाऊ. ते ओलं असेपर्यंत चालतं, आणि मेच्या उन्हात अर्ध्या तासात वाळतं.

पण माठ पिशवीत घालून नेता येत नाही. मग पाणपोई. चौकात रांजण, भोवती ओलं गोणपाट, लांब दांड्याचं ओगराळं आणि आपली ओंजळ. मी या लेखाचा पहिला खर्डा इथे संपवला होता: पाणपोया गेल्या म्हणून बाटल्या आल्या, पाणी सगळ्यांचं होतं ते एकेकट्याचं झालं. छान वाटलं होतं लिहून. आईला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सगळ्याइचं कधी होतं?"

बरोबर होतं तिचं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांनिशी चालत जावं लागलं. मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव त्याच्या चार वर्षं आधी केलेला होता आणि महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं होतं, कागदावर. उंचावरून ओंजळीत पाणी ओतण्यात जशी माया असते तसा कित्येकदा विटाळही असतो. आई ज्या घरांत बाळाचं वजन घ्यायला जाते, त्यांतल्या दोन-तीन घरांत तिला पाणी विचारतात ते वेगळ्या ग्लासात. ती त्यांना काही बोलत नाही. "आहे माझ्याजोळ," म्हणते आणि पिशवीतली बाटली दाखवते. मग ते चहासारखं तापलेलं पाणी त्यांच्यासमोर दोन घोट पिते.

स्वतःची बाटली हा माझ्यासाठी फॅशनचा प्रश्न होता, आईसाठी मान न झुकवता तहान भागवण्याचा. म्हणून 'चोचले आहेत सगळे, आमच्या वेळी नळाला तोंड लावायचो' असं म्हणून हा विषय निकालात काढणं मला आता पटत नाही. बाटली हवी. चांगली हवी. पाणी दुपारी तीनलाही गार राहील अशी हवी.

तर मग, घ्यावा का?

माझं उत्तर असं.

निर्वाताची बाटली घ्या. उन्हात काम असेल, प्रवास असेल, घरात म्हातारं माणूस रात्री गरम पाणी पीत असेल, तर हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणाऱ्या इतक्या उपयोगी वस्तू फार नाहीत. अरुंद तोंड, आट्यांचं झाकण, सुटी मिळणारी रबरी रिंग, ३०४ स्टील. घरगुती इन्सुलेटेड बाटल्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढलाय. त्यामुळे आयएसआयची खूण बघून घ्या आणि उकळत्या पाण्याची परीक्षा करा. दुधाचा चहा दिवसभर त्यात ठेवू नका. कोमट दुधात जंतू आनंदाने वाढतात. रिंग आठवड्यातून एकदा काढून धुवा, बाटलीला वास येतो तो बहुधा तिचा.

शिशाची भीती? जानेवारी २०२४ मध्ये ती बातमी फिरली होती. काही कंपन्या पोकळी बंद करायला बुडाशी जो ठिपका लावतात त्यात थोडं शिसं असतं, हे स्टॅनलीने मान्य केलं. तो ठिपका स्टीलच्या आवरणाखाली असतो आणि पाण्याला लागत नाही. बुडाचं आवरण निघालं तर ती बाटली वापरू नका. त्याहून जास्त घाबरायचं कारण नाही.

चार हजारांचा टंबलर घेऊ नका. कार असेल आणि रोज तास-दोन तास तिच्यात जात असतील तर विचार करा, तेव्हा त्याचा आकार तरी कामी येईल. बाकी रंग आवडला म्हणून घेतला तर त्यात पाप नाही. मी साड्या रंगावरूनच घेते. पण मग ती रंगाची खरेदी आहे हे स्वतःशी कबूल करावं, तब्येत आणि पर्यावरण मध्ये आणू नये. प्लॅस्टिक टाळायला एक बाटली लागते, वर्षानुवर्षं वापरलेली. शेल्फवर लावलेले आठ टंबलर म्हणजे आठ वेळा खणलेलं निकेल आणि क्रोमियम.

वस्तू म्हणून माझा निकाल असा: देखणी, मजबूत, आणि इथल्या अंगाला न बसणारी. विल्यम स्टॅनलीची ती हिरवी बाटली कष्टाच्या माणसाच्या हातात होती. तिच्यातली कष्टाची गरज काढून घेतली आणि उरलेल्याला रंग दिले, की क्वेंचर होतो.

आईला मी रूममेटसारखीच ९५० रुपयांची बाटली पाठवली. जायच्या जागेचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही, ते कुठल्या बाटलीत मिळत नाही. आईने तिच्या परीने काढलंय: उपकेंद्राच्या नर्सबाईंशी बोलून तिथल्या संडासाची एक किल्ली आता आशांकडे असते. अर्ज करून नाही, मागे लागून. आता ती दुपारी बारापर्यंत अर्धी बाटली संपवते.

परवा फोन आला. बाटली कशी आहे विचारलं, तर म्हणाली, "बर्फ राह्यते वं चार वाजेलोक." मग जरा घुटमळून, "आमच्या गटातल्या तिघीजनी इचारत होत्या, केवढ्याले पडते?"

मी किंमत सांगितली. फोन ठेवल्यावर हिशेब केला. एका टंबलरच्या पैशांत चार बाटल्या येतात, वर १९९ रुपये उरतात. एक गेलेली आहे. उरलेल्या तिन्हींची ऑर्डर मी त्याच रात्री दिली, साडेअकराला, अंथरुणात पडल्या पडल्या.